मस्कत–मुंबई, पावणेतीन तास

भाई,

काल दुपारी तू माझा निरोप वाचलास.

शाळा सकाळची होती. घरी येऊन जेवायला बसले, मोबाइल ताटाशेजारी ठेवला आणि सवयीने तुझं नाव उघडलं. गेले अठरा दिवस मी ते रोज उघडते आहे. तू गेलास त्या गुरुवारी सकाळी, मला काहीच ठाऊक नसताना, मी तुला परसातल्या आंब्याचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘‘मोहोर बघ. मेमध्ये येतोस ना?’’ त्या निरोपाखालच्या दोन खुणा अठरा दिवस करड्या होत्या. काल माझ्या डोळ्यांदेखत त्या निळ्या झाल्या.

मी ताटावरून उठले. हात धुतला नाही. माझ्या घरापासून आपलं जुनं घर दोन गल्ल्या, तुला माहीतच आहे. त्या दोन गल्ल्या मी कशा ओलांडल्या ते मला सांगता येणार नाही. वाटेत कुणीतरी ‘‘बाई, काय झालं?’’ म्हणून विचारलं, मी थांबले नाही. रेहानाभाभी ओटीवर बसली होती, तुझा मोबाइल मांडीवर घेऊन. तुझ्या सामानाबरोबर तो आला होता, बंद पडलेला. इतके दिवस तिने त्याला हात लावला नव्हता. काल तिने तो चार्ज केला आणि उघडला.

‘‘तुझं नाव सगळ्यात वर व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘म्हनून वाचलं. काय चुकलं का, जुबू?’’

मी म्हटलं, ‘‘नाही गं.’’ आणि तिथेच पायरीवर बसले.

तिचं काही चुकलं नाही. पण खरं सांगू, पळताना मला वाटत होतं की तू आता उत्तर लिहितो आहेस. आणि त्याहून वाईट म्हणजे, काय लिहितो आहेस तेही मला माहीत होतं. गेली सहा वर्षं तू मला जे म्हणत आलास तेच. पावणेतीन तास, जुबू. तेवढंही नाय थांबलात.

भाई, मला आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे. जमातीने मशिदीच्या फळ्यावर तुझ्याविषयी जे लिहायचं ते लिहिलं: वय, मस्कतमधली सत्तावीस वर्षं, मागे राहिलेली माणसं. सगळं बरोबर आहे. मी त्यातलं काही लिहीत नाही. ‘तुझं मराठी पुस्तकी हाय’ म्हणून तू मला हसायचास. हसलास तरी चालेल, पण हे मी असंच लिहिणार. मला दुसऱ्या कुठल्या भाषेत कबुली देता येत नाही.

मस्कत जवळ की लांब, हा आपला पहिला वाद. तू पहिल्यांदा गेलास तेव्हा मी नुकती शिक्षिका झाले होते. शाळेतला नकाशा मी घरी आणला आणि जमिनीवर पसरला. तू पट्टी लावलीस, खालचं प्रमाण बघून बोटांवर हिशेब केलास आणि अम्मीला म्हणालास, ‘‘साडेपंधराशे किलोमीटर. विमानाला पावणेतीन तास. अम्मी, म्हसळ्यावरून एसटीनं मुंबई गाठायला जास्त वेळ लागतो. म्हंजे मस्कत मुंबईपेक्षा जवळ झालं.’’

अम्मी चुलीपुढून उठलीही नाही. म्हणाली, ‘‘ज्या गावावरना सांजचं घरी येता येत नाय, ते लांब.’’

तू हसलास. मीही हसले. तेव्हा आपल्याला वाटलं, तिला नकाशा कळत नाही.

मग तू एसी दुरुस्त करायला गेलास तो गेलासच. आधी दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी, महिना-दीड महिना. निघताना विमानतळावरून तुझा फोन यायचा, नंतर मोबाइल आल्यावर एकाच शब्दाचा निरोप: ‘चढलो.’ आणि पावणेतीन तासांनी दुसरा: ‘उतरलो.’ मधल्या वेळात अम्मी कामाला हात लावायची नाही. भात टाकलेला असला तर तो मी उतरवायचा. ती पायरीवर बसायची, हातात तसबीहची माळ, आणि मधून मधून विचारायची, ‘‘आता कुठं असंल?’’ मी सांगायची, ‘‘समुद्रावर.’’ काही वेळाने पुन्हा, ‘‘आता?’’ ‘‘अजून समुद्रच आहे, अम्मी.’’ तिला ते पटत नसे. एवढ्या वेळात माणूस एका जागी कसा राहील?

तुझं ‘उतरलो’ आलं की मगच ती तसबीह ठेवून उठायची. हे तुला कधी कुणी सांगितलं नाही. तुझ्यासाठी ते दोन शब्द होते. तिच्यासाठी मधला सगळा वेळ होता. त्या एकवीस वर्षांत किती वेळा गेलास-आलास, ते मी मोजत नाही. भाई, मी तिच्या शेजारी बसलेली होते. मला ते मोजावंसं वाटत नाही.

आता त्या दिवसाकडे येते.

सहा वर्षांपूर्वीचा मे महिना. अम्मीची किडनी दोन वर्षांपासून साथ देत नव्हती, शेवटचा महिना तर तिचं अंग पाण्याने भरलं होतं. पाय असे सुजलेले की बोट लावलं तर खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. तुला मी हे सांगितलं होतं, पण थोडं कमी करून. तू म्हणाला होतास, ‘‘पंधरा दिवसांत सुट्टी मंजूर होतेय. तोवर सांभाळ.’’

सकाळी सातला ती गेली. सव्वासातला मी तुला फोन लावला. तुझ्याकडे पावणेसहा वाजले होते. तुझा आवाज झोपेतला होता, आणि मग झोपेतला राहिला नाही. तू रडला नाहीस. तू म्हणालास, ‘‘फोन ठेव. मी करतो परत.’’ पाऊण तासाने केलास. त्या पाऊण तासात तू काय काय केलंस ते मला पुढे कळलं. पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसातल्या कपाटात होता, तू सुपरवायझरच्या घरी जाऊन त्याला उठवलंस, चावी आणलीस, कुणाकुणाला विनवून साडेनऊच्या विमानात एक जागा मिळवलीस. आणि मग मला म्हणालास:

‘‘जुबू, मी येतोय. अम्मीला थांबवा. मी येईस्तवर नेऊ नका.’’

मी म्हटलं, ‘‘निघ तू. आम्ही थांबतो.’’

अंगणात माणसं जमली होती. जमातीचे अध्यक्ष उस्मानचाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘हनीफ किती वाजता पोचंल?’’

मी बोटांवर मोजलं. आपल्या घड्याळाने अकराला विमान सुटणार, पावणेदोनला उतरणार. विमानतळातून बाहेर पडायला एक तास. मग हायवे, वडखळ, माणगाव, आणि तिथून घाटातून आत. पाच तास. ‘‘पावणेआठ तरी होतील. सूर्य बुडून मगरिब होऊन जाईल.’’

‘‘साडेपंधराशे किलोमीटर पावनेतीन तासांत, आनि पावनेदोनशेला पाच,’’ चाचा म्हणाले. त्यांना हसू आलं नाही. मग म्हणाले, ‘‘दुपारच्या जोहरनंतर न्यायचं का थांबायचं, तू पोरगी हायेस, तू सांग. तू म्हनशील तर सगळी थांबतील.’’

अम्मीला गुस्लची अंघोळ घालण्यासाठी हाजराबी आली होती. तिने पडद्याआडून मला हाक मारली. नऊपासून वीज गेली होती. खोलीत वारा नाही. ती हळू म्हणाली, ‘‘बाय, अंगात पानी लई हाय. जोहरपर्यंत ठीक. फुडं मी सांगत नाय.’’

मी बाहेर येऊन चाचांना म्हटलं, ‘‘जोहरनंतर न्या.’’

तेव्हा साडेदहा वाजले होते. तू अजून मस्कतच्या विमानतळावर होतास. तुझा फोन चालू होता. मी फोन करू शकत होते, भाई. मी केला नाही. अकराला तुझा निरोप आला: ‘चढलो.’ मग तुझा फोन बंद झाला.

जोहरची नमाज झाली आणि पुरुष अम्मीला घेऊन गेले. बायका आत कुराण वाचत बसल्या. मी मागच्या पडवीत जाऊन बसले आणि मोबाइलवर तुझं विमान शोधलं. तसलं एक ॲप माझ्या मोबाइलमध्ये होतं, तुझ्यासाठीच घेतलेलं. निळ्यावर एक छोटं पिवळं विमान. ते हलत नव्हतं. एकटक बघत राहिलं तर हलत नाही, नजर वळवून पुन्हा बघितलं तर थोडं पुढे गेलेलं असतं. कब्रस्तानाच्या बाजूने काही ऐकू येत नव्हतं. किनाऱ्यापासून ते विमान दोन बोटांवर असताना माझे मिस्टर परत आले. त्यांच्या नखांत माती होती. ते हौदाकडे हात धुवायला गेले. मी पुन्हा पडद्यावर बघितलं. तू अजून समुद्रावर होतास, आणि तुझ्या हिशेबाने अम्मी घरात होती.

तू उतरलास. निरोप पाठवला नाहीस, सरळ फोन केलास. मागे विमानातल्या माणसांचा गलका, सामान काढण्याचे आवाज. ‘‘उतरलो. थांबलात ना?’’

मी म्हटलं, ‘‘भाई, जोहरनंतर नेलं.’’

गलका तसाच चालू राहिला. कुणीतरी तुला ‘भाईसाब, जरा आगे’ म्हणालं. मग तू म्हणालास, ‘‘पावनेतीन तास, जुबू.’’ आणि फोन ठेवलास.

सगळ्या रस्त्यात तू एकदाही फोन केला नाहीस. संध्याकाळी आलास तेव्हा अम्मीची खाट धुऊन अंगणात भिंतीला उभी करून ठेवली होती. तू तिच्यासमोर उभा राहिलास. हातात ती लहान बॅग, अंगात कंपनीचा शर्ट; बदलायलाही थांबला नव्हतास. मी पाणी आणलं. तू घेतलं नाहीस. तू म्हणालास, ‘‘बर्फ का नाय आनला?’’

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

‘‘श्रीवर्धनच्या बंदरात बर्फाच्या लाद्या मिळतात. मासळीसाठी ट्रक भरून येतात. मासळीला मिळतो बर्फ, आनि माझ्या आईला नाय मिळला?’’

तासाभराचं अंतर होतं. एक टेम्पो पाठवला असता तर आला असता बर्फ. चाचांनी तो पाठवायची तयारीही दाखवली होती; हे तुला माहीत नव्हतं, आता सांगते. मीच नको म्हटलं.

मग सहा महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. भाभीकडून खुशाली कळायची. पुढे बोलायला लागलास, माझ्यासाठी अत्तर, मुलांसाठी खजूर, सगळं आणायचास. हसायचास. पण प्रत्येक वेळी, निघायच्या आदल्या दिवशी, चहा पिता पिता ते निघायचंच. तू आवाज चढवायचा नाहीस. नुसतं म्हणायचास, ‘‘तू शब्द दिलावतास.’’ मी हाजराबीचं सांगायची, उन्हाचं सांगायची, विजेचं सांगायची. तू बर्फाचं म्हणायचास. तिथे आपण अडायचो. परत पुढच्या वर्षी तिथूनच.

आणि एक गोष्ट तू बंद केलीस. ‘चढलो’, ‘उतरलो’ पाठवणं. त्या मे महिन्यानंतर तू कधी कुठल्या विमानाने येतोस ते कुणालाही सांगितलं नाहीस, भाभीलासुद्धा. एखाद्या दुपारी दार वाजायचं आणि तू उभा असायचास. सगळ्यांना त्याची मजा वाटायची. मला माहीत होतं ते कशासाठी आहे. तू आकाशात असताना इथे काय होईल याचा तुझा भरवसा उडाला होता. म्हणून आम्हालाच कळू द्यायचं नाही की तू आकाशात आहेस.

यंदा मात्र मला तुझ्या विमानाची वेळ माहीत होती. नंबर माहीत होता. पेटीचं वजनसुद्धा कागदावर लिहिलेलं होतं.

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा गुरुवारची दुपार होती. तुझ्या खोलीत तुझ्याबरोबर अकरा वर्षं राहिलेला माणूस; मुरुडचा, हे तू सांगायचास. ते म्हणाले, हनीफभाई फजरला उठले नाहीत. मला वाटलं, नमाज चुकली म्हणून सांगताहेत. माझा मेंदू तेवढाच चालला. मग त्यांनी पुन्हा सांगितलं.

मस्कतमध्ये त्याच दिवशी दफन होऊ शकत होतं. उस्मानचाचा आता खूप थकलेत, तरी काठी टेकत आले आणि म्हणाले, ‘‘जिथं मौत, तिथंच माती चांगली. कागदपत्रांना दिवस जातील.’’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या अंगणात, त्याच जागी, पुन्हा तोच प्रश्न.

भाभी आतून आली. डोक्यावरचा पदर सुटलेला. म्हणाली, ‘‘त्यांना आना. चार दिवस लागू देत, आठ लागू देत. या घरात त्यांच्यासाठी थांबायचं राहून गेलंय एकदा.’’

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही. पण मी ऐकलं.

पाच दिवस लागले. पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, वकिलातीचा कागद, कंपनीची सही. रशीदभाई एकेका खिडकीवर उभे राहिले आणि प्रत्येक कागद झाला की मला फोन करत राहिले. मला एक विचित्र गोष्ट वाटत होती, भाई. जिवंत होतास तेव्हा तुला पाऊण तासात पासपोर्ट आणि तिकीट मिळालं. मेल्यावर तू पाच दिवस कुणाच्या तरी सहीसाठी थंड खोलीत पडून राहिलास. बर्फात. तुला हवा होता तो बर्फ.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवून बसले होते. खोडावंसं वाटलं. राहू दे. तू असतास तर तूच म्हणाला असतास.

सहाव्या दिवशी पहाटेच्या विमानात तुला चढवलं. रशीदभाई त्याच विमानात वर बसले, तू खाली. त्यांनी मला निरोप पाठवला: ‘चढलो आम्ही.’ त्यांना काय माहीत. मी तो शब्द बघितला आणि भिंतीला धरून बसले.

भाभी शेजारी येऊन बसली. मी मोबाइलवर विमान लावलं. तसंच, निळ्यावर छोटं पिवळं. काही वेळाने भाभी म्हणाली, ‘‘आता कुठं हायेत?’’

‘‘समुद्रावर.’’

‘‘आनि आता?’’

भाई, मला वाटलं अम्मीच विचारते आहे. आवाज तिचाच, ती ओढ तिचीच. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही, घाबरले. नुसतं म्हटलं, ‘‘अजून समुद्रच आहे.’’

विमानाला तेवढाच वेळ लागला. पावणेतीन तास. एका मिनिटाची सवलत नाही की एक मिनिट जादा नाही. त्याला कुठे ठाऊक असतं खाली काय ठेवलंय. मग तोच हायवे, तेच वडखळ, तेच माणगाव. ॲम्ब्युलन्स दुपारी गल्लीत शिरली तेव्हा अख्खं गाव रस्त्यावर होतं. सगळे थांबले होते. असरच्या नमाजनंतर तुला नेलं. तुझी जागा अम्मीपासून दोन कबरी सोडून आहे. मधे जागा नव्हती. माझ्या मिस्टरांनी पावलं मोजली. सात.

तिसऱ्या दिवशी रशीदभाई मुरुडला आपल्या घरी जायला निघाले. जाण्याआधी माझ्याकडे चहाला आले. हडकुळा माणूस, बोलताना खाली बघणारा. पाच दिवस माझ्याशी फोनवर बोलले होते, पण समोर बसल्यावर त्यांना सुचेना. मग म्हणाले, ‘‘हनीफभाई तुमची लई आठवन काडायचे.’’

मी म्हटलं, ‘‘रागाने काढत असेल.’’

‘‘राग? न्हाय वो. तुमच्या आईच्या वख्ताचं म्हनताय का? ते मला सांगितलंय त्यांनी. पुष्कळ डाव सांगितलंय.’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘ते म्हनायचे, जुबूनं मला खोटं सांगितलं, थांबतो म्हनून. म्हनून मी इमानात बसू शकलो. खरं सांगितलं असतं तर मी तिथंच विमानतळावर पडलो असतो. ते म्हनायचे, पावनेतीन तास माझी आई घरात व्हती. मी खिडकीतनं बघत बसलो, दुवा केली, तिला काय काय बोलायचं ते जुळवलं. असा निवांत मी तिच्याशी कवाच बोललो नव्हतो.’’

मी त्यांचा कप उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

‘‘तुमाला सांगितलं नाय त्यांनी?’’

मी मान हलवली.

‘‘मागल्या रमजानमधी म्हनाले व्हते, यंदा गेलो की सांगनार. मला वाटलं सांगितलं आसंल.’’

ते गेल्यावर मी कप विसळले. आधी मला तुझा राग आला, भाई. खूप राग आला. तुला कळलं होतं, तर मग दर वर्षी तो चहाच्या वेळचा फास कशासाठी? एकदा म्हणायला काय झालं होतं? मग हळूहळू ध्यानात आलं. तू निघायच्या आदल्या दिवशी तो विषय काढायचास, कारण तेव्हा अम्मीविषयी बोलायला मिळायचं. भांडण मिटलं असतं तर आपण तिच्याबद्दल काय बोललो असतो? आपल्याकडे तिच्यासाठी तेवढंच एक बोलणं उरलं होतं आणि ते दोघांनीही जपलं. शुक्रिया, भाई. रशीदभाईंच्या तोंडून का होईना, मला ते मिळालं. पण त्यावर मी सुटले असं मला म्हणता येत नाही. कारण तुला फक्त अर्धं माहीत होतं. तू मला त्या खोट्यासाठी माफ केलंस. पण न थांबता अम्मीला का नेलं, ते तुला मी कधी सांगितलंच नाही.

आता सांगते. कुठे आहेस, ऐकू येतं की नाही, ते मला माहीत नाही. काल त्या खुणा निळ्या झाल्या तेव्हापासून मला वाटतं आहे की तू उत्तराची वाट बघतो आहेस. म्हणून सांगते.

अम्मी जायच्या चार दिवस आधी, दुपारी मी तिची नखं कापत होते. ती म्हणाली, ‘‘जुबू, मी गेल्यावर मला ठेवू नको. कुनासाठी थांबू नको.’’ मी म्हटलं, ‘‘अम्मी, भाई येईल ना. पावणेतीन तासांचं तर विमान.’’ ती म्हणाली, ‘‘येल. येतोच तो. पन मी लई वाट बगितली गं. मेल्यावर तरी मला वाट बगाया लावू नको.’’

ही ती गोष्ट. ऊन नाही, वीज नाही, हाजराबी नाही. टेम्पोला मी नको म्हटलं ते ह्यासाठी. तुझी आई तुझी वाट बघून थकली होती, हे मी तुला कसं सांगणार होते? एकवीस वर्षं तू तिच्या औषधांसाठी, आपल्या घराच्या छपरासाठी, माझ्या लग्नासाठी तिकडे उन्हात छपरांवर चढून एसी दुरुस्त केलेस. तुला मी काय सांगू, की ती थकली? मला वाटलं, माझ्यावर रागव. माझ्यावर रागावून तू जगशील. तिचं हे ऐकून जगशील असं मला वाटलं नाही.

पण एक झाकलं म्हणून मला दुसरंही झाकावं लागलं. तेच मला आता रात्रंदिवस खातं आहे.

गेली त्या पहाटे ती जागी होती, अगदी शुद्धीत. फजरची अजान नुकतीच झाली होती, पाच वाजले होते. मी तिचं तोंड ओल्या कपड्याने पुसत होते. तिचा श्वास मोठा झाला होता आणि मला कळलं होतं की आता फार वेळ नाही. मोबाइल उशाशी होता. मी तो हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि म्हटलं, ‘‘अम्मी, भाईला लावते. बोल त्याच्याशी.’’

भाई, दोन तास होते. ती आणखी दोन तास होती. तुला तिचा आवाज ऐकता आला असता. हे कळलं असतं तर तू पहिलं विचारलं असतंस, मग का नाही लावलास? आणि तिचं शेवटचं बोलणं सांगताना नखं कापतानाचं तिचं बोलणंही माझ्या तोंडून निघालं असतं. म्हणून मी गप्प राहिले, आणि तुला वाटत राहिलं की शेवटी तिला तू आठवलाही नाहीस.

तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, ‘‘त्याच्याकडं किती वाजलं?’’

मी दीड तास वजा केला. ‘‘साडेतीन.’’

‘‘निजू दे त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘दिसभर उन्हात असतो. निजू दे.’’